थोरल्याच्या नावाचा मासा

१

मासा नेहमी डावीकडे बघतो. पाण्यात असताना तो कुठेही बघो, तिथे त्याला कोण विचारायला जातंय! पण एकदा का तो संग्रहालयात आला, त्याचं चित्र निघालं, फोटो निघाला, की तोंड डावीकडे. ही रीत कोणी आणि का पाडली ते धाकटीलाही माहीत नव्हतं, आणि धाकटीचं तर अख्खं आयुष्य माशांच्या बरण्यांत गेलं होतं. तपासणीसाठी मांसाचा तुकडा काढायचा तोही माशाच्या उजव्या कुशीतून, म्हणजे जगाला दिसणारी डावी बाजू शाबूत राहते.

"माणसांसारखंच की," तिचा भाऊ म्हणायचा. "फोटो काढताना आत्या नाही का मान वळवून चांगली बाजू पुढे करत?"

धाकटी म्हणजे काही लहान नव्हे. चाळिशी ओलांडून झाली होती, चष्मा लागला होता, संग्रहालयाचा पहारेकरी तिला मागून 'बाटलीबाई' म्हणायचा आणि पुढून 'मॅडम'. पण घरात ती धाकटी ती धाकटीच. भाऊ थोरला. दोघांनीही लग्न केलं नाही. का, ते विचारायला येणारे नातेवाईक विचारून विचारून दमले. आई, थोरला आणि धाकटी, असं तिघांचं घर होतं आणि ते छान चाललं होतं.

थोरला पाणबुड्या होता. पाणीपुरवठा खात्यात. तो पाण्यात उतरायचा आणि ती पाण्यातून निघालेल्यांची नावं लावायची. जेवताना रोजचा त्याचा प्रश्न असायचा, "आज कोणाकोणाला नावं ठेवलीस? बघ आई, आपण फुकट नावं ठेवतो आणि हिला त्याचा पगार मिळतो!"

मग धाकटी अर्थ सांगायची. उडणाऱ्या माशाचं शास्त्रातलं नाव एक्झोसीटस, म्हणजे 'बाहेर झोपणारा'. जुन्या काळच्या लोकांना वाटायचं की हा पाण्यातून निघून काठावर येऊन झोपतो. युरॅनोस्कोपस म्हणजे 'आकाशाकडे बघणारा', कारण त्याचे डोळे डोक्यावर. रेमोरा म्हणजे 'खोळंबा'. तो जहाजाला चिकटला की जहाज जागचं हलत नाही, अशी खलाशांची समजूत. आईला हा रेमोरा फार आवडला होता. "म्हणजे आपला थोरलाच गं," ती म्हणायची. "न्हाणीघरात शिरला की घर खोळंबलं."

आईची एक सवय सांगितली पाहिजे. घरातून कोणी बाहेर निघालं की ती तोंड फिरवायची. भिंतीकडे, फळीवरच्या डब्यांकडे, कुठेही. राहणाऱ्याने जाणाऱ्याकडे बघत बसलं की जाणाऱ्याचा पाय निघत नाही, असं तिचं म्हणणं. मुलं दारातून "येतो गं", "येते गं" म्हणायची आणि ती डब्यांकडे बघत "या" म्हणायची.

२

गावामागे दगडाची जुनी खाण होती. खणता खणता कधी काळी खाली पाणी लागलं, खाण भरली, आणि आता गावाला पाणी तिथूनच यायचं. तळाशी पंपाची जाळी होती. ती तुंबली की थोरला उतरायचा.

त्या दिवशीही तो "येतो गं" म्हणून गेला. आई डब्यांकडे बघत "ये" म्हणाली.

दुपारी दोर वर आला. दोराची गाठ सुटलेली नव्हती, दोर तुटलेला नव्हता. कमरेच्या मापाचा फास जसाच्या तसा, आणि फासात कोणी नाही. दुसरे पाणबुडे उतरले, बाहेरून मोठी माणसं बोलावली, तीही उतरली. खाणीच्या तळाशी कातळात भेगा आहेत, म्हणाले. एका भेगेतून माणूस जाईल. तिच्यातून पाणी खाली कुठवर जातं ते कोणालाच माहीत नाही.

घरात रडारड झाली ती धाकटीची. आई रडली नाही. "येतो म्हणून गेलाय तो," ती म्हणाली. "जातो म्हणाला होता का?"

त्या संध्याकाळपासून सुरू झालं. उजेड उतरला की आई मागचं दार उघडायची. ते दार खाणीकडे जाणाऱ्या बोळात निघायचं. उंबऱ्यात उभी राहून ती त्याला नावाने हाक मारायची. एकदाच, मोठ्याने, ठणठणीत आवाजात. "ये रे, जेवायला!" मग आत येऊन तिसरं ताट घ्यायची. शेजारणी पहिल्या-पहिल्यांदा डोळे पुसायच्या. पुढे पुढे त्या वेळेला खिडक्या लावून घ्यायला लागल्या.

"आई, तो..." धाकटीने एकदा सुरुवात केली होती.

"बाहेर झोपलाय तो," आई म्हणाली. "तुझा तो मासा झोपतो ना बाहेर? सकाळ झाली की परत पाण्यात जातोच ना?"

धाकटी आपली ताट वाढून घेत राहिली.

३

पुढच्या वर्षी खाणीवरचा पंपवाला संग्रहालयात आला. हातात जॅमची बाटली. थोरल्याचा दोस्त होता तो. धाकटीसमोर त्याची मान वर होत नसे.

"जाळीत आला हा," तो म्हणाला. "इतकी वर्षं पंपावर आहे, असला कधी पाहिला नाही. डोळेच नाहीत बघा याला."

बोटाएवढा मासा. पांढरा नाही, गुलाबी नाही, उकडलेल्या कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी. कातळाखालच्या अंधारात राहणारे मासे असे होतात. अंड्यात असताना डोळे धरायला लागतात आणि मग त्यांच्यावर कातडी चढते. धाकटीने पुस्तकं पाहिली, दूरदूरच्या संग्रहालयांना विचारलं. हा कोणालाच माहीत नव्हता. नवा होता, आणि जगात एकच.

आता त्यांच्या शास्त्राची रीत अशी. नाव नुसतं हवेत राहत नाही. नव्या माशाला नाव दिलं की ते एका देहाला बांधायचं. तो देह म्हणजे मूळ नमुना. त्याला लाल चिठ्ठी लावून जपून ठेवतात, आणि पुढे शंभर वर्षांनी कोणी विचारलं 'हे नाव कोणाचं?' तर त्या देहाकडे बोट दाखवायचं. स्वतःचं नाव द्यायचं नाही, ते असभ्य मानतात. दुसऱ्याचं द्यायचं, प्रेमाच्या माणसाचं दिलं तरी चालतं.

धाकटीने खूप विचार केला. एकीकडे बिनदेहाचं नाव, दुसरीकडे बिननावाचा देह. आणि दोन्ही एकाच पाण्यातले. थोरल्याच्या नावाचा कुठे दगड नव्हता, कुठे माती नव्हती. निदान ही एक जागा होईल. आई एकदा मनसोक्त रडेल आणि मोकळी होईल, असंही तिला वाटलं. सगळं मायेपोटीच केलं हो तिने.

नाव छापून आलं त्या दिवशी तिने जेवताना सांगितलं. आईने घास खाली ठेवला.

"तुमच्यात नाव दोन शब्दांचं असतं ना? दुसरा शब्द थोरल्याचा. पहिल्याचा अर्थ काय?"

"पहिलं म्हणजे कुळाचं, आई. ते आधीपासून..."

"अर्थ काय?"

"खालच्या अंधारात राहणारा."

आई म्हणाली, "बदल ते."

"दिलेलं नाव मागे घेता येत नाही. देणाऱ्यालाही नाही."

"आणि तो मासा?"

"तो राहतो. कायमचा. नाव त्याच्याशी बांधलेलं असतं."

"बांधलेलं," आई म्हणाली. तिसऱ्या ताटाकडे बघत म्हणाली. "अगं, बांधून ठेवलंस तर आता तो येणार कसा?"

४

मूळ नमुन्यांची खोली संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर. खिडकी एकच, तीही उंचावर. भिंतीला कपाटं, कपाटांत बरण्या, बरण्यांत स्पिरिट. खोलीचं दार उजव्या हाताला. रोज सकाळी धाकटी आधी इथे यायची, कुठे स्पिरिट उतरलंय का बघायची आणि मग चहा घ्यायची. किल्ली तिच्याचकडे.

थोरल्याच्या नावाचा मासा तिने एका चपट्या काचपेटीत ठेवला होता. पेटी इतकी अरुंद की मासा आत जेमतेम मावेल. खाली कापसाची पातळ गादी, झाकण मेणाने बंद. तोंड अर्थातच डावीकडे.

एका सकाळी ते उजवीकडे होतं.

धाकटी बघत राहिली. माशाची उजवी कूस समोर आली होती, तिनेच कापलेली, मांसाच्या चौकोनी खळगीसकट. तो उघडा भाग बघून तिला आधी लाजच वाटली, कोणाच्या तरी अंगावरचं पांघरूण सरकलेलं दिसावं तशी. मग भीती वाटली. मग अर्थात डोकं चालायला लागलं.

"काल खोलीत कोणी आलं होतं?" तिने पहारेकऱ्याला विचारलं.

"तुमच्या खोलीत? नाही बुवा. त्या वासाने मांजर फिरकत नाही तिकडे, माणूस कशाला मरायला जाईल!"

म्हणजे आपलाच घोळ. घाईत उलटा ठेवला असणार. चाळिशीनंतर असंच होतं. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. तिने मेण खरवडलं, चिमट्याने मासा उचलून बाहेर काढला, वळवला, नीट डावीकडे तोंड करून ठेवला, मेण पुन्हा लावलं. हे करताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मासा बाहेर काढल्याशिवाय वळवता येत नव्हता. आत फिरायला जागाच नव्हती.

दुसऱ्या सकाळी तोंड पुन्हा उजवीकडे होतं, दाराकडे. मेणावर तिच्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा होता.

५

धाकटी विज्ञानाची माणूस. भूत-बित म्हणणाऱ्यांची तिने जन्मभर टर उडवलेली. तिने कारणं काढली. रस्त्यावरचे ट्रक, त्यांचा हादरा. स्पिरिटचं तापणं-निवणं. कापूस फुगणं. एकेक कारण तिने मनात ठेवून पाहिलं आणि कुठलंच पुरेना.

मग तिने मासा बांधला. तशी पद्धत आहेच. काचेच्या पट्टीला दोऱ्याने नमुना बांधतात. पांढरा दोरा, पोटाभोवती एक वेढा, मागे गाठ. डावीकडे तोंड. "आता बघू," ती मोठ्याने म्हणाली, आणि आपण कोणाशी बोललो ते कळून तिने मागे बघितलं. खोलीत कोणीच नव्हतं.

सकाळी दोरा पट्टीवर होता. गाठ सुटलेली नव्हती. दोरा तुटलेला नव्हता. माशाच्या पोटाच्या मापाचा वेढा जसाच्या तसा, आणि वेढ्यात कोणी नाही. मासा शेजारी, दाराकडे तोंड करून.

धाकटी खुर्चीवर बसली. खाणीच्या काठावर ओला दोर हातात घेऊन उभा असलेला पंपवाला तिला आठवला. "गाठ बघा ना ताई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "गाठ मीच मारली होती, बघा ना." त्या वेळी तिने बघितली नव्हती. आता या दोऱ्याची गाठ मात्र ती भिंग लावून बघत बसली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा भिंगातून काही दिसेनासं झालं.

त्या दिवशी चहा तसाच निवून गेला.

६

कधी वळतो, हे बघायचं तिने ठरवलं. दिवसभर ती काम तिथेच घेऊन बसली. सकाळी नाही, दुपारी नाही. मासा शहाण्यासारखा डावीकडे बघत होता, म्हणजे डोळे असते तर बघितलं असतं.

उंच खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग करडा. पहारेकरी डोकावला. "मॅडम, घरी नाही जायचं?"

"जाते थोड्या वेळाने."

"बसा बसा. तुमचीच माणसं आहेत ही," बरण्यांकडे हात करून तो हसला आणि गेला.

खोली शांत झाली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. आणि धाकटीच्या मनात आलं, आत्ता घरी आई मागचं दार उघडत असेल. कडी काढताना जो करकर आवाज होतो तो तिला अगदी कानात ऐकू आला. आता ती उंबऱ्यात. आता श्वास घेईल. आता...

धाकटीची पापणी लवली. तेवढंच. पापणी लवायला वेळ तो काय लागतो!

मासा दाराकडे बघत होता. वळताना तिने पाहिलाच नाही. फक्त कापसाचे बारीक तंतू वर उडाले होते आणि स्पिरिटमधून हळूहळू, अगदी हळूहळू खाली बसत होते. आणि माशाचा कल्ला उचललेला होता, इतकासा, पोराने हाक आली की मान वर करावी तसा. धाकटी बघत असतानाच तो पुन्हा मिटला.

आई वेडी नव्हती. तो ऐकत होता. रोज ऐकत होता, रोज घराकडे तोंड करत होता, आणि काच होती, मेण होतं, नाव होतं. यायचं कसं?

७

आईला सांगावं? सांगितलं तर ती हाक मारणं जन्मात थांबवणार नाही. दिवसातून दहादा मारेल. आणि तो दहादा वळेल. न सांगावं, तर आपण कसली बहीण?

घरी पोचली तेव्हा ताटं मांडलेली होती.

"उशीर केलास गं," आई म्हणाली. "तू पण आता खोळंबा व्हायला लागलीस."

"आई," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पुरे कर आता. नको हाका मारूस."

"का?"

"तो ऐकत नाही."

आयुष्यात ती आईशी पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेही त्या दोघांच्या भल्यासाठी. ज्याला येता येत नाही त्याला हाक मारू नये, इतकंच तिच्या मनात होतं. आईने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. भांडेल, रडेल, ताट भिरकावेल असं धाकटीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"तुला नक्की माहीत आहे? तू शिकलेली, म्हणून विचारते."

"नक्की."

"बरं," आई म्हणाली. उठून तिने तिसरं ताट उचललं, त्यातलं आपल्या ताटात घेतलं, आणि ताट घासून पालथं घातलं. इतक्या हलक्या हाताने पालथं घातलं की आवाजसुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागचं दार उघडलं नाही. शेजारच्या खिडक्या मात्र सवयीने लागल्या.

आणि सकाळी मासा डावीकडे बघत होता, तिने वळवून ठेवला होता तसाच.

८

बरेच दिवस तो डावीकडेच होता. धाकटीला सुटल्यासारखं वाटलं. पहारेकऱ्याशी ती दोन विनोद करून हसलीसुद्धा. घरात मात्र आई कमी कमी होत गेली. जेवण कमी, बोलणं कमी. माशांच्या नावांचे अर्थ विचारीनाशी झाली.

मग एका सकाळी पेटीत मासा उभा होता. शेपटी कापसावर, तोंड वर, झाकणाला टेकलेलं. आणि तोंड उघडं. मेलेल्या माशाचं तोंड उघडतं हे धाकटीला माहीत होतं. असं उघडलेलं तिने पाहिलं नव्हतं. कोणीतरी पूर्ण जोर लावून, छाती फुटेपर्यंत...

ती तशीच घरी पळाली. रजा नाही, सांगणं नाही.

आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. "आज लवकर?" म्हणाली. धाकटी दम खात उभी राहिली. "काही नाही. डोकं दुखत होतं." आई पुन्हा चिरायला लागली. आणि चिरता चिरता, मान वर न करता, सहज, कोणी आतल्या खोलीतून बोलावल्यावर म्हणावं तसं म्हणाली, "ओ. आले, आले."

"कोणाला म्हणालीस?"

"कुठे काय म्हणाले?" आई म्हणाली. खरंच गोंधळली होती बिचारी.

धाकटीने त्याच संध्याकाळी स्वतः मागचं दार उघडलं. उंबऱ्यात उभी राहिली आणि थोरल्याला हाक मारली. आवाज चिरकला. "ये रे, जेवायला," ती म्हणाली. आई मागे येऊन उभी होती. "राहू दे गं," तिने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. "तू म्हणालीस ना, तो ऐकत नाही."

खरं सांगायची ती वेळ होती. जिभेवर आलेलंही होतं. पण सांगितलं तर ती आत्ताच, याच बोळातून निघेल, असं वाटून धाकटीने तोंड मिटलं आणि कडी लावली.

पुढे काही दिवसांनी धाकटी कामावर निघाली. "येते गं," म्हणाली आणि बाहेर पडली. कोपऱ्यावर पोचल्यावर सहज मागे बघितलं, तर आई पुढच्या दारात उभी. डब्यांकडे नाही, भिंतीकडे नाही. सरळ तिच्याकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा. धाकटीला इतकं बरं वाटलं! तिने लहान पोरीसारखा हात हलवला. आईनेही हलवला.

राहणाऱ्याने जाणाऱ्याकडे बघायचं नसतं. पण त्या दिवशी जाणारी कोण आणि राहणारी कोण, हे धाकटीला संध्याकाळी कळलं. गॅस बंद होता, भाजी झाकलेली होती, ताट एकच मांडलेलं होतं आणि मागचं दार सताड उघडं होतं. खाणीच्या काठावर चपला सापडल्या, एकीला एक लावून ठेवलेल्या. पाणबुडे उतरले. काही नाही मिळालं.

९

पंपवाला पुन्हा आला तेव्हा त्याने बाटली टेबलावर ठेवली आणि रुमालाने तोंड दाबून बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

तसाच मासा. जरा मोठा, अंगाने सैल पडलेला. मादी. वयस्क; अंडी घालायचे दिवस कधीच सरलेली. धाकटीने सगळं जसं करायचं तसं केलं. मापं घेतली. फक्त उजव्या कुशीवर सुरी ठेवली आणि उचलली, तिला ते जमलं नाही. नवं नाव द्यायचं नव्हतं. जात एकच असली की नावही तेच, ही रीत. थोरल्याच्या नावाखालीच ती येणार होती.

नियमाप्रमाणे मूळ नमुना एकटा ठेवतात. धाकटीने नियम बाजूला ठेवला. मोठी पेटी घेतली, नवा कापूस घातला, दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. डावीकडे तोंडं करून.

घरी येऊन तिने मागचं दार उघडलं. आधी थोरल्याला हाक मारली, मग आईला. "या गं, जेवायला." आत तीन ताटं होती. ती एका ताटात जेवली.

सकाळी जिना दोन-दोन पायऱ्या चढत ती वर गेली. दोघंही डावीकडेच बघत होते. जसे ठेवले तसे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज घसा बसेपर्यंत हाका, आणि रोज सकाळी पेटीतला कापूस नुसता गप्प. ज्या वळण्याने तिचं काळीज थरथरलं होतं, त्याच वळण्यासाठी ती आता तडफडत होती. घरी मी आहे की, तिला ओरडून सांगावंसं वाटे. मी कोणीच नाही का?

शेवटी तिने तेही केलं. मेण काढलं, चिमटा घेतला, आणि माशांच्या कुठल्याच अभ्यासकाने करू नये ते केलं. दोघांची तोंडं स्वतःच्या हाताने उजवीकडे वळवली. दाराकडे. मेण लावलं. घरी जाऊन हाक मारली, आणि त्या दिवशी आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

सकाळी दोघांनी तोंडं फिरवलेली होती.

धाकटी पेटीसमोर उभी राहिली. आधी रागच आला. इतका राग, की पेटी उचलून आपटावी. मग रडू आलं. आणि रडता रडता तिची नजर मोठ्या माशावर गेली. तो पुन्हा डावीकडे, भिंतीकडे तोंड करून होता, आणि लहान त्याच्या पलीकडे, तसाच. भिंतीवर बरण्यांची फळी होती, एकाला एक लागून मांडलेली. घरातल्या डब्यांच्या फळीसारखीच.

जाणाऱ्याकडे बघत बसलं की जाणाऱ्याचा पाय निघत नाही.

तिने डोळे पुसले. चष्मा घातला. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली टेबलावर ठेवली, पर्स खांद्याला लावली. दारात पोचेपर्यंत पाय कसे जड झाले होते ते तिचं तिलाच माहीत. त्या घरात ती आता राहणार नव्हती, आणि मागच्या बोळात तर पाऊलही टाकणार नव्हती. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं.

"येते गं," तोंडात आलं होतं. ते तिने गिळलं.

"जाते मी," ती म्हणाली.

मागे, कपाटाच्या आत, काचेवर काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज झाला. धाकटीने मागे बघितलं नाही. तिने दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागली.